सगळ्यांचा सा एक, अडायची जागा वेगळी

मंडळी, इथे शाळेचा बँड बसवणारे शिक्षक आहेत तसे नाशिकच्या लग्नसराईत रात्र रात्र वाजवणारे कलाकारही आहेत, म्हणून सरळ कामाचंच बोलतो. एका ओळीत तीन वादक बसलेत. एकाला नोटेशन झरझर वाचता येतं, पण कान कच्चा. दुसऱ्याला त्यातलं काही कळत नाही, पण गाणं एकदा ऐकलं की क्लॅरिनेटवर उतरतं. तिसऱ्याने सॅक्सोफोन नुकताच हातात घेतलाय. यांचा एकत्र वॉर्मअप घ्यायचा कसा?

बहुतेक ठिकाणी बँडमास्तर म्हणतात, ‘चला, बी फ्लॅटची स्केल, वर आणि खाली.’ सुरुवात छान होते. फ्लूटवाला बी फ्लॅट धरतो, क्लॅरिनेटवाला आपला सी, आल्टो सॅक्सवाला आपला जी. नावं तीन, पण कानाला सगळ्यांचा सा एकच. त्यातही क्लॅरिनेट आणि सॅक्सला इथे फक्त डाव्या हाताची तीन बोटं लागतात. क्लॅरिनेटवाल्याने मागचं भोक अंगठ्याने झाकायचं, एवढंच जास्त.

आता वर चढा. रे वरून ग वर जाताना फ्लूटवाला अडतो, कारण जवळजवळ मोकळा फ्लूट एकदम बोटांनी भरावा लागतो. म वरून प वर जाताना सॅक्सवाल्याचं तेच होतं. एका बोटावरून सहा बोटं, शिवाय अंगठ्याने ऑक्टेव्हची चावी. क्लॅरिनेट मात्र ध पर्यंत मजेत जातं आणि नी वर गचकतं. ध म्हणजे त्याच्या ए ला एक बोट, नी म्हणजे बी ला करंगळीसकट सगळी, वर रजिस्टरची म्हणजे वरचा सूर काढायची चावी. बोटं तीच ठेवून वरचा सूर काढला की फ्लूट-सॅक्सचा सूर सप्तकाने उडी मारतो, क्लॅरिनेटचा थेट बाराव्या स्वरावर जातो, म्हणून त्याचा हा सांधा, म्हणजे बोटं एकदम बदलायची जागा, इतका वर सरकलेला. आपण ज्याला ‘पोरं कच्ची आहेत’ म्हणतो, ते पुष्कळदा एवढंच असतं.

म्हणून माझं म्हणणं, सगळ्यांना सगळी स्केल देऊच नका. नवख्यांनी सा धरायचा, आठ मात्रा, मध्यम आवाजात. शेजाऱ्याचा श्वास संपत आला की आपण घ्यायचा नाही, त्याचं झाल्यावर घ्यायचा. ओळीचा सूर तुटता कामा नये. आपल्याकडे गायक पहाटे खर्ज लावतात, तेच काम. या सा वर मुरलेल्यांनी संथ चढायचं, आणि अट अशी की त्यांचा आवाज खालच्या सा पेक्षा मोठा नको. तयार वादकाला ही अट फार जड जाते, मी सांगून ठेवतो. जोरात आणि जलद वाजवणं त्याला येतंच. हळू आवाजात सूर न पडू देता वाजवायला पोटाचा श्वास लागतो. यात नवखा नुसता बसून राहत नाही, तोच तानपुरा असतो.

मग सांधे. आज फक्त फ्लूटचा रे-ग, बाकीचे सा वर. पुढच्या वेळी सॅक्सचा म-प. दोनच स्वर, मागे-पुढे, सगळी बोटं एका वेळी पडेपर्यंत. कानावर वाजवणारा इथे वाचणाऱ्याला शिकवतो, कारण बोट उशिरा पडलं की मधेच उमटणारा चुकार सूर त्याला आधी ऐकू येतो.

ट्यूनिंगची घाई नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कुठे उतरतो ते तुम्हाला सांगायला नको. थंड हवेत ध्वनी सावकाश जातो, शून्य अंशाला सेकंदाला साधारण ३३१ मीटर आणि २० अंशाला ३४३, म्हणून थंड वाद्य उतरलेलं बोलतं. हलगीवाला आधी हलगी शेकतो. आपण वाद्यात आवाज न काढता गरम श्वास सोडायचा, क्लॅरिनेट-सॅक्सच्या तोंडाशी असलेली पातळ पट्टी, म्हणजे रीड, तोंडात ओली करायची, आणि सूर मिळवायचा तो या सगळ्यानंतर. लाकडी क्लॅरिनेट गार असताना तर एकदम जोर लावूच नका, लाकडाला तडा जाऊ शकतो. गोदाघाटावर पहाटेचा कार्यक्रम असेल तर खोलीत मिळवलेला सूर बाहेर टिकत नाही, तिथे उभं राहून पुन्हा मिळवा.