डिझेलच्या टाकीत अल्कोहोल

(दृश्य : काचेचं मोजपात्र, अगदी जवळून)

पिवळसर डिझेलमध्ये कोरडं, पाण्याचा अंश नसलेलं इथेनॉल ओतलं की दोन्ही एकजीव होतात. आता ड्रॉपरने पाण्याचे काही थेंब सोडूया. बघा, मिश्रण गढूळ झालं. थोडा वेळ तसंच ठेवलं तर दोन थर स्पष्ट वेगळे होतात. कडाक्याच्या थंडीत, पारा १० अंशांखाली गेला की पाणी न घालताही असंच होतं.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आता नेहमीचं झालंय. पण आपला ट्रक, आपली एसटी, आपला ट्रॅक्टर चालतो डिझेलवर. मग उसाच्या मळीपासून बनलेलं हे इंधन तिथे का चालत नाही?

(दृश्य : उघडलेलं सिलिंडर, वर-खाली होणारा पिस्टन)

पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर पेटतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंशांच्याही वर तापते, आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. इंधन असं किती चटकन पेटतं, ते सिटेन अंकावरून कळतं. आपल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) डिझेलचा सिटेन किमान ५१ असावा लागतो. इथेनॉलचा जेमतेम ८. त्यात इथेनॉलची वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषून घेतं, म्हणजे पेटायची वेळ आली की सिलिंडर आणखी गार.

इंजिनातल्या इंधनपंपाला आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. इथेनॉल वाढलं की ते घटतं आणि झीज वाढते. पण बाहेरची ठिणगी मिळाली तर इथेनॉलची वाफ १३ अंशांनाच पेट घेऊ शकते, त्यामुळे साठवणुकीत पेट्रोलइतकीच खबरदारी लागते. फायदाही खराच आहे. इथेनॉलच्या वजनात जवळपास ३५ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून काजळी कमी होते. बसथांब्यावर काळा धूर गिळणाऱ्यांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

(दृश्य : नागपूरचा रस्ता)

एक मार्ग असा : इंधनाला साजेसं इंजिनच बनवायचं. स्टॉकहोममध्ये इथेनॉलवरच्या बस अनेक वर्षं धावल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये तशी स्कॅनिया या स्वीडिश कंपनीची बस नागपुरात आली. इंधनात ९५ टक्के इथेनॉल आणि पेट घ्यायला मदत करणारं रसायन. साध्या डिझेल इंजिनात हवा सतरा-अठरा पट दाबली जाते, या इंजिनात २८ पट! मात्र एक लिटर डिझेलचं काम करायला सुमारे १.७ लिटर इथेनॉल लागतं. पुढे नागपुरात ताफा वाढला, पण २०१८ मध्ये सेवा थांबली. बंगळुरूत २०२३ मध्ये १५ टक्के मिथेनॉल (हे वेगळं अल्कोहोल) मिसळलेल्या डिझेलवर बसच्या चाचण्या सुरू झाल्या.

(दृश्य : प्रयोगशाळेत चाचणीसाठी बसवलेलं इंजिन)

दुसरा मार्ग म्हणजे अल्कोहोलच बदलायचं. इथेनॉल-डिझेलचे प्रयोग यशस्वी झाले नाहीत, आता १० टक्के आयसोब्युटॅनॉल मिसळून चाचण्या चालू आहेत, असं २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं. पुण्याची एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था त्या करते आहे. आयसोब्युटॅनॉलमध्ये कार्बनचे चार अणू, इथेनॉलमध्ये दोन. त्यामुळे ते डिझेलशी सहज मिसळतं, पाण्याला तितकं धरून ठेवत नाही आणि लिटरमागे ऊर्जाही जास्त देतं. सिटेन मात्र त्याचाही कमीच. शिवाय आसवनीतलं नेहमीचं यीस्ट ते पुरेसं बनवत नाही. त्यासाठी खास घडवलेले सूक्ष्मजीव लागतात.

आमचं म्हणणं एवढंच : हे अल्कोहोल मिसळलेलं डिझेल पंपावर येण्याआधी चाचण्यांचे आकडे मराठीत, सगळ्यांना दिसतील असे मांडा. किती तास चाललेल्या इंजिनाचे नोझल उघडून पाहिले, जुन्या ट्रॅक्टरच्या रबरी सीलचं काय झालं, ॲव्हरेज किती उतरलं. ऊसही शेतकऱ्याचा आहे आणि ट्रॅक्टरही त्याचाच.