पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावा

मंडळी, बेसबॉलमधला एक चेंडू डोळ्यांसमोर आणा, पिचरने म्हणजे गोलंदाजाने टाकलेला. बॅटरने तो जमिनीलगत मारलाय, तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) यांच्या मधल्या फटीत. शॉर्टस्टॉप चपळ असेल तर तो झपकन आडवा जातो, ग्लोव्ह उलटा वळवून चेंडू उचलतो आणि बॅटर पोहोचायच्या आत पहिल्या बेसकडे फेकतो. बॅटर बाद. आता तिथे जड पायांचा खेळाडू उभा करा. तो वळेपर्यंत चेंडू पार आउटफिल्डच्या गवतात. पिचरने टाकलेला चेंडू तोच, फटकाही तोच. तरी एका पिचरच्या नावावर बाद लागतो आणि दुसऱ्याच्या नावावर हिट, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देणारा फटका.

तुम्ही म्हणाल, त्यासाठी ‘एरर’, म्हणजे फिल्डरच्या नावावर लागणारी चूक, असते ना! असते. क्रिकेटमध्ये झेल सुटला तरी पुढच्या धावा गोलंदाजाच्याच नावावर चढतात; बेसबॉलने निदान त्यांना वेगळं काढायची सोय केली. ईआरए म्हणजे नऊ इनिंग्जमागे (एका पूर्ण सामन्यामागे) दिलेल्या अर्न्ड रनची, म्हणजे पिचरच्या खात्यावर धरलेल्या धावांची सरासरी, आणि एररमुळे झालेल्या धावा तिच्यात धरत नाहीत. पण एरर लागते ती हाताशी आलेला चेंडू सोडणाऱ्याला. जो चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही, त्याची पाटी कोरी राहते आणि हिटचं खापर पिचरवर फुटतं. उलटही होतं. दोन बाद असताना सोपा चेंडू सुटला आणि पुढच्या बॅटरने होमरन मारला (चेंडू थेट मैदानाबाहेर), तर त्या दोन्ही धावा अनअर्न्ड, म्हणजे पिचरच्या खात्याबाहेर; कारण तो चेंडू पकडला असता तर तिसरा बाद मिळून इनिंग तिथेच संपली असती. होमरन पिचरनेच दिलेला, तरी त्याच्या ईआरएला ओरखडाही नाही! मला हा नियम कधीच पटला नाही.

2001 च्या सुमारास व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने मोठी खळबळ उडवली. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट पहिला बेस) आणि होमरन यांत फिल्डरचा हात जवळपास नसतो. फटका बसून मैदानातच राहणाऱ्या बाकीच्या चेंडूंपैकी किती हिट होतात, यावर मात्र पिचरचा ताबा फारच थोडा असतो, असं त्याने आकड्यांनिशी दाखवलं. हे प्रमाण सर्वसाधारण 30 टक्क्यांच्या आसपास असतं.

पेड्रो मार्टिनेझचंच बघा. 1999 साली त्याच्याविरुद्ध मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी सुमारे 32 टक्के हिट झाले, 2000 साली जेमतेम 24 टक्के. पिचर तोच, संघही तोच बॉस्टन रेड सॉक्स. ईआरए 2.07 वरून 1.74 वर आला आणि सगळे 2000 सालाचे गोडवे गातात. पण 1999 मध्ये त्याचे स्ट्राइकआउट 313 होते आणि त्याने होमरन दिले फक्त 9. पुढच्या वर्षी स्ट्राइकआउट 284, होमरन 17. मला विचाराल तर त्याच्या हाताची खरी करामत 1999 ची.

फिल्डिंगने अख्ख्या संघाचं रूप कसं पालटतं, ते टॅम्पा बे रेजने दाखवलं. 2007 साली मैदानातल्या चेंडूंवर बाद मिळवण्यात हा संघ मेजर लीगमध्ये तळाला होता. मग जेसन बार्टलेट शॉर्टस्टॉपला आला, इवामुरा तिसऱ्या बेसवरून दुसऱ्यावर सरकला आणि तिसऱ्यावर तरुण एव्हन लाँगोरिया उभा राहिला. 2008 मध्ये त्याच बाबतीत संघ पहिला आला. वर्षभरात दिलेल्या धावा 944 वरून 671 वर उतरल्या आणि 66 सामने जिंकणारा संघ 97 जिंकून वर्ल्ड सिरीजला पोहोचला. सगळंच श्रेय फिल्डरांचं नाही. बार्टलेटच्याच सौद्यात मॅट गार्झा हा चांगला पिचरही आला होता. पण जे पिचर आधीपासून संघात होते, त्यांच्यामागे आता वेगळीच माणसं धावत होती.

म्हणून पुढे एफआयपी आला, म्हणजे फिल्डिंग वगळून पिचरला जोखणारा आकडा. त्यात होमरन, वॉक, अंगाला लागलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट एवढंच मोजतात. मी तो ईआरएच्या शेजारी ठेवूनच वाचतो, कारण त्यातूनही काही निसटतं. नकलबॉल (जवळपास न फिरता डुलत जाणारा संथ चेंडू) टाकणाऱ्यांचे चेंडू नीट बॅटवर बसत नाहीत, ती त्यांची स्वतःची कमाई. आणि ग्रेग मॅडक्स! चेंडू हातातून सुटला की पिचर स्वतःच फिल्डर होतो, आणि या माणसाने फिल्डिंगसाठी 18 गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवले. त्याच्या पायाजवळून मधोमध निसटू पाहणारे ग्राउंडर (जमिनीलगतचे फटके) तो स्वतः अडवायचा, बॅटरला बाद करायचा. त्या बादची नोंद त्याच्या एफआयपीत वेगळी कुठेच होत नाही.