चंदीगड खुर्चीची दुरुस्ती : पॉलिशला हात लावू नका, आधी सांधे बघा

नमस्कार. सागाची चौकट, वेताची बैठक, तिरके पाय. या बुटक्या आरामखुर्चीला सगळे चंदीगड खुर्ची म्हणतात. 1951 पासून शहर उभं राहत असताना वास्तुरचनाकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या कचेऱ्यांसाठी असं सामान बनलं. मागच्या पट्टीवर रंगवलेली अक्षरं आणि क्रमांक पाहून अस्सल समजू नका. ती कुणीही रंगवू शकतो. आपण मात्र दुरुस्तीचं बोलू, ती अस्सल आणि नक्कल दोन्हींना तीच लागते.

(खुर्ची उलटी करून दाखवायची)

सगळ्यात आधी सांधे. हाताने हलवा. कुरकुर आली की जुना सरस सुटलाय. गोव्याच्या पावसाळी हवेत सरस ओल धरतो आणि सैल पडतो. वरून खिळा ठोकू नका, साग चिरतो आणि सांधा तसाच हलत राहतो. सांधा सोडवा, कोमट पाण्याने जुना सरस काढा आणि पूर्ण वाळू द्या. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे नवा गोंद धरत नाही. म्हणून जोडायच्या जागा ॲसिटोनने पुसा आणि ॲसिटोन उडालं की लगेच पाण्याने न सुटणारा गोंद लावा. उशीर झाला तर तेल परत वर येतं. शिकंजात 24 तास आवळून ठेवा.

आता वेत. भोकांमधलं अंतर मोजा. 12-13 मिमी असेल तर सव्वादोन मिमीची पट्टी, 16 मिमी असेल तर अडीचची. कोमट पाण्यात 15-20 मिनिटं भिजवा आणि चकचकीत बाजू वर ठेवून विणा. उभ्या दोन फेऱ्या, आडव्या दोन, तिरक्या दोन, मग कडेची पट्टी. ओला वेत वाळताना आवळतो, त्यामुळे विणताना जीव खाऊन ताणलात तर नंतर भोकाच्या कडेवर तुटतो. बैठक नुसती सैल झाली असेल तर नवं विणूच नका. खालच्या, खरखरीत बाजूने ओलं कापड तासभर ठेवा आणि वाऱ्यावर वाळू द्या. बरीचशी परत ताणली जाते. जाड वार्निश वेताला नको, तो लवचिकपणा गमावतो.

पॉलिश सर्वांत शेवटी, आणि जून ते सप्टेंबरमध्ये तर नकोच. लाखेच्या पॉलिशमधलं स्पिरिट उडताना लाकूड थंड पडतं, हवेतली ओल त्यावर बसते आणि पांढरट डाग उठतात. अळशीचं तेल दमट हवेत बुरशीला खाऊ घालतं. लावलंच, तर त्याच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा. आणि घासताना मशीन नको. 180 नंतर 240 नंबरचा घासकागद, हाताने, तंतूंच्या दिशेने. वर्षानुवर्षांचा तो मधासारखा रंग मशीन पाच मिनिटांत उतरवतं.

पायांचे तळ बघा. रोजच्या ओल्या पोछ्याचं पाणी तिथूनच वर चढतं, म्हणून ते काळे पडतात. तळाला पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) मुरवा आणि नायलॉनची टोपी लावा. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) ठेवणार असाल तर पावसाच्या झोतापासून दूर. एसीच्या झोताखालीही नको, तिथे वेत कोरडा पडून कडकतो.