चालक नसेल, तेव्हा पट्टा कोण बांधणार?

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्टोबर २०१५. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात स्टीव्ह महान नावाचे गृहस्थ गूगलच्या एका छोट्याशा, चालकाविना स्वतःच चालणाऱ्या गाडीत एकटेच बसले. गाडीला ना स्टिअरिंग, ना पेडल. स्टीव्ह यांची दृष्टी जवळपास गेलेली. तरी भर रस्त्यावरून फिरून ते सुखरूप उतरले. गाडी चालवणं कायमचं सुटलेल्या माणसासाठी हे केवढं मोठं, ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

पण चालक गेला की त्याची बाकीची कामंही जातात, तिकडे आपलं लक्ष कमी असतं. पांढरी काठी घेतलेली एक बाई रस्त्याच्या कडेला उभी आहे. फोन सांगतो, गाडी आली. कुठे आली? दहा पावलं पुढे, दुसऱ्या गाडीच्या आड, आणि विजेवरची असल्याने आवाजही नाही. चालक असता तर त्याने हाक मारली असती, "ताई, इकडे या!" आता काही गाड्यांचा हॉर्न फोनवरून वाजवता येतो. साधी सोय आहे, पण तिच्यावाचून सगळं अडतं.

व्हीलचेअरचं काम याहून अवघड. नुसता रॅम्प पुरत नाही. खुर्ची आत गेल्यावर तिला पुढून दोन, मागून दोन असे चार पट्टे जमिनीशी आवळावे लागतात. माणसाचा पट्टा वेगळा. हे सगळं वाकून करायचं. ज्याच्या हातात बळ नाही, त्याने ते एकट्याने कसं करावं? विजेवरची खुर्ची तर शंभर किलोच्याही वर जाते. ती सुटली तर आतला माणूस वाचणं कठीण. म्हणून खुर्ची मागे सरकवताच ती आपोआप अडकेल, असं कुलूप हवं. आणि ते सगळ्या कंपन्यांच्या खुर्च्यांना बसायला हवं. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे.

कर्णबधिर प्रवाशाचंही तसंच. गाडी मध्येच थांबली आणि मदतकेंद्रातून फक्त आवाज आला, तर उपयोग काय? तोच निरोप पडद्यावर लिहून यायला हवा.

अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०२० मध्ये अशा रचनांसाठी ५० लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली. बरं झालं. तयार गाडी नंतर कापून रॅम्प बसवणं महाग पडतं आणि ओबडधोबड होतं. आराखड्यातच तळ सपाट आणि दार रुंद ठेवलं, तर तो खटाटोप उरत नाही.

ऑस्टिनच्या त्या गाडीत दोनच आसनं होती. स्टीव्ह चालत जाऊन त्यातल्या एकावर बसले. व्हीलचेअरवरच्या माणसाला खुर्चीसकट त्या गाडीत शिरताच आलं नसतं.