नाताळची तयारी घरच्या घरी

नमस्कार श्रोतेहो.

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, होते, ८ तारखेला पणजीच्या चर्चचे होते, आणि तिथून नाताळपर्यंत हाती उरतात जेमतेम अडीच आठवडे. याच दिवसांत म्हापशाच्या आणि मडगावच्या बाजारात तयार नक्षत्रे, म्हणजे चांदणीच्या आकाराचे कंदील, लोंबू लागतात, ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचे तयार गोठे मांडले जातात, गोड पदार्थांची पाकिटे दुकानांच्या दर्शनी भागात येतात. ज्यांना वेळच नाही त्यांनी ती जरूर घ्यावीत. परंतु माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की यांतल्या निदान दोन-तीन गोष्टी तरी घरी, लहानथोरांनी मिळून कराव्यात, आणि त्यांची सुरुवात आजच करावी. नाताळपूर्वीचे चार रविवार ख्रिस्ती परंपरेत प्रतीक्षेचे मानलेले आहेत, आणि ही प्रतीक्षा मुलांना कळते ती हाताला काम मिळाल्यावरच.

प्रथम नक्षत्र. गोव्यातल्या ज्या मुलांनी दिवाळीत आकाशकंदील केला आहे त्यांना हे काम परके नाही. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ हेच साहित्य पुन्हा लागते. सारख्या लांबीच्या, समजा दोन-दोन फुटांच्या, दहा कामट्या तासून गुळगुळीत कराव्यात. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या बांधून त्या एकमेकींवर ठेवाव्यात आणि पाचही टोके दोऱ्याने घट्ट आवळावीत. मग मध्यभागी जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे, दोन चांदण्यांच्या मधे, पाच-पाच इंचांचे पाच तुकडे आधाराला उभे करावेत, म्हणजे सपाट चांदणी फुगून तिला पोट येते. कामट्या तासण्याचे काम मोठ्या माणसाने करावे, कारण बांबूची धार बोट कापते. कागद बेतणे आणि चिकटवणे मात्र पूर्णपणे मुलांवर सोपवावे, सुरकुत्या पडल्या तरी चालतील. दिव्यासाठी एका बाजूचा कागद सुटा ठेवावा आणि आत एलईडीचा दिवाच लावावा, कारण तो फारसा तापत नाही. बाजारातले प्लास्टिकचे नक्षत्र अधिक चकचकीत दिसते हे खरे, पण आतल्या कामट्यांची सावली कागदावर उमटून जो मऊ प्रकाश पडतो, तो मला त्याहून कितीतरी सुंदर वाटतो.

गोठ्याची प्रथा फार जुनी आहे. संत फ्रान्सिस ऑफ असीसी यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो या गावी गवत आणि खरे बैल व गाढव आणवून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, असे सांगतात. आपल्याकडे त्या गोठ्याने गोव्याची माती अंगाला लावून घेतली. छप्पर भाताच्या पेंढ्याचे, डोंगर जुन्या गोणपाटाला चिखल फासून केलेले, आणि हिरवळ नाचणी पेरून उगवलेली. ही नाचणी उथळ ताटलीत ओल्या मातीवर आठ-दहा दिवस आधी पेरावी लागते, तेव्हा तारीख विसरू नये. गोठ्यातल्या मूर्ती विकत आणण्याऐवजी मुलांना त्या करायला माती द्यावी. मेंढ्या आणि मेंढपाळ चांगले जमतात. फक्त ते उन्हात न ठेवता सावलीत वाळवावेत, नाहीतर तडे जातात. अनेक घरांत बाळ येशूची मूर्ती चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गोठ्यात ठेवत नाहीत, गव्हाण रिकामीच असते. ही पद्धत अवश्य पाळावी.

गोठ्यासमोर काही वाचायचे असेल तर मराठी घरांसाठी मोठा ठेवा आपल्याच भूमीत निर्माण झालेला आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्याच रायतूर येथे छापले गेले. त्यातली ख्रिस्तजन्माची कथा ओव्यांत आहे, आणि ओवी चालीवर म्हणण्यासाठी असते. आजीने दोन ओव्या म्हणाव्यात, नातवंडांनी मागून म्हणाव्यात. चारशे वर्षांपूर्वीची भाषा असली तरी कानाला ती लवकर ओळखीची होते.

आता स्वयंपाकघराकडे वळू. बेबिंक या थराथरांच्या गोड पदार्थाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तो जिकिरीचा पदार्थ आहे. वरून आच देत एकेक थर भाजावा लागतो, परंपरेने सात थर, काही घरांत त्याहूनही अधिक. तो विकत आणला तरी हरकत नाही. कुलकुल मात्र घरीच व्हावेत. मैद्याच्या पिठात नारळाचा रस घालून मळलेली लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ, नव्या फणीवर दाबून गुंडाळायची, इतकेच हे काम, आणि पाच वर्षांचे मूलही ते करू शकते. दोदोलला मोठ्यांचे दंड लागतात. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर घालून जे ढवळायला लागायचे, ते गोळा कडा सोडून त्याला तेल सुटेपर्यंत थांबता येत नाही. कित्येकदा यात काही तास जातात. म्हणून पाळ्या लावाव्यात, पुरुषांनाही त्यात घ्यावे, आणि बोलायला भरपूर विषय ठेवावेत, कारण घरातल्या जुन्या गोष्टी अशाच वेळी निघतात.

हे सगळे पदार्थ ताटात मांडून शेजाऱ्यांकडे जातात, तो मला सणाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. चतुर्थीला हिंदू घरांतून ज्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे गेलेल्या असतात, त्यांची परतफेड नाताळच्या ताटातल्या नेवऱ्यांनी होते. ताट झाकायला विणलेला रुमाल असतो. क्रोशाचे काम घरात कोणाला येत असेल तर या सुट्टीत ते मुलींना आणि मुलांनाही शिकवावे. आणि एक गोष्ट विसरू नये. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालेला असतो, तिथे गोड करत नाहीत. तिथे ताट पाठवायचे ते आधी, बाकीच्या घरांच्या आधी, आणि शक्यतो कोणाच्या हाती न देता स्वतः जाऊन, थोडा वेळ बसून.

बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे फेस्त ६ जानेवारीला असते. त्यांच्या मूर्ती गोठ्यापासून दूर ठेवून रोज थोड्या पुढे सरकवण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्यावे. फेस्त उरकल्यावर मातीच्या मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात, नक्षत्राचा कागद काढून टाकावा, आणि बांबूचा सांगाडा माळ्यावर कोरड्या जागी टांगून ठेवावा. तो पुढच्या वर्षी चालतो, फक्त दोरे नव्याने आवळावे लागतात.

आपणां सर्वांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा. नमस्कार.