बिल कुणाच्या खात्यावर?

नमस्कार मैत्रिणींनो, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या दादांनो, तुम्हालाही नमस्कार.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्था गावोगावी आहेत. 'गोकुळ' हा आपला जिल्हा दूध संघ १९६३ सालचा, म्हणजे किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभं राहणं आपल्याला आजीपासून ठाऊक. वैरण, शेणघाण, धार हे बहुतेक घरांत बाईच्याच अंगावर असतं. संस्थेच्या वहीत नाव मात्र अजूनही पुष्कळदा घरधन्याचं.

बायकांना विचारलं, "संस्थेत समाधानी आहात का?" की उत्तर ठरलेलं. "व्हय, चांगलं चाललंय की." मी त्यावर थांबत नाही. पुढं विचारते, "दुधाचं बिल, म्हणजे संस्थेकडून येणारे पैसे, कुणाच्या खात्यावर जमा होतायत?" तिथं खरं बोलणं सुरू होतं. जिच्या स्वतःच्या खात्यावर दहा दिवसांचं बिल पडतं ती भरभरून सांगते: पशुखाद्याचे किती कापले, दिवाळीच्या फरकातून, म्हणजे दिवाळीला मिळणाऱ्या वाढीव दराच्या पैशातून, काय घ्यायचंय, पाडी कधी गाभण जाईल. जिचं बिल मालकांच्या खात्यावर, ती म्हणते, "त्यास्नीच ठावं."

करवीर तालुक्यातल्या एक वहिनी दुधाच्या पावत्या तारेला टोचून ठेवतात. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, सगळं त्यांना तोंडपाठ. एका सकाळी म्हशीच्या दुधाची फॅट एकदम खाली लागली. वहिनी पावत्यांची तार घेऊनच संस्थेत गेल्या आणि म्हणाल्या, "नमुना परत लावा." सचिवांनी लावला. फॅट किती वाढली हे वहिनींनी मला सांगितलंही नाही. "माझ्यासमोर परत लावली," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. सभासद असण्याचं समाधान मला त्यांच्या त्या बोलण्यात दिसलं.

साखर कारखान्याचं सभासदत्व उसाच्या जमिनीशी बांधलेलं. सातबारा बाईच्या नावावर नसला की ती दारातच अडते. दूध संस्थेत तसं नाही. गोठ्यात जनावर असलं, तुम्ही दूध घालत असलात, की अर्ज करता येतो. म्हणून मी दूध संस्थेवर एवढी आस लावून बसले आहे.

पण नाव लागलं तरी सभेला कोण जातं? काही ठिकाणी सभेची वही घरी येते, चुलीपुढं बसल्या बसल्या सही होते, आणि कागदावर बाई हजर! हे मला फार लागतं. सहकारी कायद्यानं एका सभासदाला एक मत दिलंय, शेअर्स कितीही असोत. संचालक मंडळात महिलांना दोन जागा राखीव आहेत. त्या खुर्चीवर नाव तुमचं आणि बैठकीला जाणार मालक, असं होऊ देऊ नका.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी अहवाल मागून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. कपात कशाकशाची झाली, फरक कसा ठरला, हे सभेत उभं राहून विचारा. आणि चौघीजणी मिळून संस्थेला आधीच अर्ज द्या, सभा दुपारी बाराला ठेवा म्हणून. संध्याकाळच्या धारेच्या वेळी सभा लावली, तर बायका येणार कशा?