तिवरांचा नकाशा

(दृश्य : भांडुपची खाडी, पहाटेची ओहोटी)

पाणी मागे सरलंय. चिखलातून तिवरांची मुळं पेन्सिलींसारखी वर आलीत. झाड याच मुळांनी श्वास घेतं. पान चाटून बघा, खारट लागेल. जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं.

इतकं चिवट झाड. पण मुळांवर डेब्रिज पडलं, भरतीची वाट अडली, की कुऱ्हाड न लावताही मरतं. मग ते इथे होतं, हे सिद्ध कशानं करायचं?

(दृश्य : उपग्रहचित्र, खाडीकाठी लाल पट्टे)

हिरवं पान अवरक्त किरण परत फेकतं, पाणी ते गिळून टाकतं. चित्रात हे किरण लाल रंगात दाखवतात, म्हणून तिवरं खाडीपासून वेगळी उठून दिसतात. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोड थांबवली. २६ जुलैच्या ९४४ मिलिमीटर पावसाला तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. तिवरं कुठे कुठे आहेत, त्या नकाशांचं काम आलं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे. म्हणजे नागपूरला, जिथे समुद्राचा वासही येत नाही!

त्या नकाशांमुळे सरकारी जमिनीवरची तिवरं वन म्हणून नोंदवता आली. २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन (म्हणजे तिवरबन) कक्ष सुरू झाला. २०१८ च्या निकालात न्यायालयाने तिवरांचा नाश हा थेट नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला.

आणि २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना? सरकारी जमिनीवर हजार चौरस मीटरहून मोठं तिवरबन असेल, तर भोवती ५० मीटर मोकळा पट्टा. खासगी जमिनीवर असेल, तर पट्ट्याची गरज नाही. तिवरांच्या मुळांना सातबारा वाचता येत नाही, हे बहुधा कुणी सांगितलं नसावं.

(दृश्य : वरळी कोळीवाडा, होड्या)

इथे भांडण मापाचंच होतं. सागरी किनारा मार्गाच्या पुलाला दोन खांबांत ६० मीटर पुरेत, असं पालिकेचं गणित. कोळी म्हणाले, वारा फिरला की होडी खांबावर जाते, १६० हवेत. वाऱ्यात होडी किती सरकते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. पण ते कुठल्या अहवालात लिहिलेलं नव्हतं. आंदोलनं झाली, काम अडलं, समिती बसली. २०२२ च्या अखेरीस एक खांब गाळून १२० मीटर ठरले.

(दृश्य : पुलाखालून बाहेर पडणारी होडी. फक्त इंजिनाचा आवाज.)